आळें गांवच्या पायवाटा

2025 सालच्या दिवाळींत आमच्या घरीं मुंबईचे पाहुणे उतरले होते. त्यांच्याबरोबर आठ वर्षांचा एक चुणचुणीत मुलगा होता. पहिल्याच सकाळीं चहा होतो न होतो तोंच तो माझ्यापुढें येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “आजोबा, तुमच्या गांवांतली बाग कुठं आहे? आम्ही रविवारीं सगळे बागेंत जातों.” मी आळें गांवीं जन्मलों, आळ्यासच म्हातारा झालों, माझी सबंध नोकरी मुलांना भूगोल शिकविण्यांत गेली, परंतु या प्रश्नाचें उत्तर मजपाशीं तयार नव्हतें. बाग नाहीं असें सांगितल्यावर त्यानें दुसरा प्रश्न केला, “मग तुम्ही फिरायला कुठं जातां?” त्या मुलाला जें मी तेव्हां नीट सांगूं शकलों नाहीं, तें आज आपणांपुढें सांगण्याचा विचार आहे.

शहरांत बाग म्हणजे नगरपालिकेनें केलेली, कुंपण घातलेली, फाटकावर वेळ लिहिलेली जागा असते. मुंबईची राणीची बाग, जिचें आजचें नांव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असें आहे, किंवा पुण्याचें संभाजी उद्यान, यांच्या फाटकांतून आंत शिरलें कीं माणूस फिरावयास आला आहे हें निराळें सांगावें लागत नाहीं. खेड्यांत तसें नाहीं. खेड्यांत माणूस वाटेनें चालला कीं त्याला कांहींतरी काम असलेंच पाहिजे, असें सर्वजण धरून चालतात. मी नोकरींतून मोकळा झाल्यावर हातांत काठी घेऊन संध्याकाळीं निघूं लागलों, तेव्हां पहिले पंधरा दिवस प्रत्येक ओट्यावरून एकच हांक येई, “गुरुजी, कुठं निघालांत?” “सहज, फिरायला,” असें म्हटलें कीं समोरच्या चेहऱ्यावर काळजी दिसे. एकानें तर जवळ येऊन हळूच विचारलें, “डॉक्टरांनीं सांगितलं का?” साखर किंवा रक्तदाब झाल्यावांचून शहाणा माणूस उगीच चालणार नाहीं, अशी आमच्याकडील समजूत आहे. मुलाबाळांना घेऊन फिरणें हें तर त्याहून नवलाचें.

आमचें गांव कोठें आहे तें आधीं सांगतों. पुण्याहून नाशिकास जाणाऱ्या हमरस्त्यानें सुमारें 90 किलोमीटर आलें कीं आळेफाटा लागतो. कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता येथें या रस्त्यास छेदतो. लोक त्याला अद्यापि नगर-कल्याण रस्ताच म्हणतात. एस्टीनें प्रवास करणाऱ्या पुष्कळांना आळेफाटा ठाऊक असतो, कारण तेथें गाडी बदलावयाची असते आणि चहा घ्यावयाचा असतो. फाट्यापासून थोडें आंत असलेलें आळें मात्र ठाऊक नसतें. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या कुशींत पावसाळाभर धुकें आणि भाताचीं खाचरें. पूर्वेकडे आणें पठाराच्या बाजूस बाजरी, माळरान आणि पाण्याची ओढ. जुन्नर तालुक्याचीं हीं दोन्ही टोकें एका दिवसांत पाहून रात्रीच्या जेवणास घरीं परतां येतें. 2018 सालीं राज्य सरकारनें जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून घोषित केला. परंतु पर्यटन म्हणजे बाहेरच्यांनीं येऊन पाहणें, एवढाच त्याचा अर्थ आम्हीं घेतला. येथील मुलांनीं येथलें पाहणें हा विषय मागेंच राहिला.

आमची पहिली वाट रेड्याच्या समाधीची. ज्ञानेश्वर महाराजांनीं पैठणास ज्या रेड्याच्या मुखानें वेद बोलविले, तो रेडा आळंदीकडे परततांना वाटेंत आळ्यास निवर्तला आणि महाराजांनीं त्याला येथें समाधि दिली, अशी परंपरा आहे. ज्ञानेश्वरी नेवासें येथें शके 1212 मध्यें, म्हणजे इसवी सन 1290 मध्यें पूर्ण झाली. आळंदीची समाधि 1296 ची. रेड्याच्या वाटेचा हिशेब मीं एकदां शाळेंतल्या मुलांकडून नकाशावर करवून घेतला होता. पैठण ते आळें हें अंतर सरळ रेषेंत मोजलें तरी सव्वाशें किलोमीटरांहून अधिक भरतें. माझ्या नातीला वेदांचें तितकेंसें कौतुक नाहीं. तो एवढें चालला याचेंच तिला नवल वाटतें. सकाळीं निघावें, शिवारांतून देवळापर्यंत जावें, सावलींत बसून घरून नेलेले शेंगदाणे आणि गूळ खावा, आणि ऊन तापण्याच्या आधीं परतावें. या वाटेवर टिटवी ओरडते, तारेवर वेडा राघू बसलेला असतो, कोतवाल आपलें दुभागलेलें शेंपूट मिरवीत गुरांच्या मागें हिंडतो. मूल दहा वेळां गेलें कीं अकराव्या वेळीं पक्षी तेंच आपल्याला दाखवितें.

दुसरी वाट कालव्याच्या कडेची. तिच्याविषयीं मला जरा विस्तारानें सांगावयाचें आहे, कारण तिच्यावरून आमच्या घरांत फिरणेंच बंद पडलें होतें.

तीन वर्षांपूर्वींच्या पौषांतली गोष्ट. कालव्याला आवर्तन सुटलेलें होतें आणि पाझरामुळें कडेची गाडीवाट मऊ झाली होती. एका बाजूस पाणी, दुसऱ्या बाजूस माणसाच्या दुप्पट उंचीचा ऊंस. मी आणि माझी सहा वर्षांची नात, दोघेंच होतों. दिवस मावळावयास थोडा अवकाश होता. वाटेंत ओळखीचे एक शेतकरी भेटले. बांधावर उभे राहून आम्ही कांद्याच्या भावाविषयीं बोलत राहिलों, आणि नात मागें, पंधरावीस पावलांवर, बोरीखालीं वांकून बोरें वेंचीत होती. कांहीं वेळानें मीं तिला हांक मारली, आम्ही पुढें मोरीपर्यंत गेलों आणि परत फिरलों. बोरीपाशीं आल्यावर माझी दृष्टि सहज खालीं गेली. नातीच्या चपलांचे ठसे ओल्या मातींत स्पष्ट उमटले होते. त्यांतल्या एका ठशावर, तो अर्धा दाबून, दुसरा एक ठसा होता. गोल, रुंद, चार बोटांचा. नखें उमटलेलीं नव्हतीं. कुत्र्याच्या पावलाचीं नखें मातींत उमटतात. बिबट्या चालतांना नखें आंत ओढून घेतो.

मीं मुलीला खांद्यावर घेतलें. सहा वर्षांचें मूल खांद्यावर घेण्याचें माझें वय राहिलेलें नव्हतें, तरी घेतलें. मग तिला मोठ्यानें पाढे म्हणावयास लावले, आणि मीहि तिच्याबरोबर ओरडून पाढे म्हणत अर्ध्या मैलाचें तें अंतर चालून आलों. तिला ती गंमत वाटली. ती हंसत होती. घरीं आल्यावर मीं कोणाला कांहींच सांगितलें नाहीं. कां सांगितलें नाहीं, हें आजहि मला नीटसें सांगतां येत नाहीं. फिरणें बंद होईल अशी भीति होती, आणि मुलीला मागें सोडून आपण कांद्याचे भाव बोलत राहिलों याची लाजहि होती. दुसऱ्या दिवशीं शेजारच्या वस्तीवरचें कुत्रें रात्रींतून नाहींसें झाल्याची बातमी आली, तेव्हां मीं सारें सांगितलें. सूनबाई भाकरी थापीत होती. तिनें हात थांबविला नाहीं, एवढेंच म्हणाली, “मामा, हें तुम्ही कालच सांगायला हवं होतं.”

त्या दिवसापासून नात अंगणाबाहेर गेली नाहीं. शाळेची गाडी दारांतून नेई आणि दारांत आणून सोडी. संध्याकाळीं ती माझ्या शेजारीं बसून फोनवर चित्रें पाही. तिला तें पाहूं नको म्हणण्याचा अधिकार मीं गमावलेला होता. सहा महिने असें चाललें.

त्या सहा महिन्यांत मीं बिबट्याविषयीं मिळेल तें वाचून काढलें. कुकडी प्रकल्पाचीं येडगांव, माणिकडोह, वडज, डिंभें आणि पिंपळगांव जोगें हीं पांच धरणें जुन्नर आणि आंबेगांव या दोन तालुक्यांत आहेत. त्यांचें पाणी आलें आणि बाजरीच्या जागीं ऊंस आला. ऊंस वर्षभर, कधीं त्याहून अधिक काळ शेतांत उभा असतो. आंत दाट आडोसा, पाणी जवळ, आणि भक्ष्य वस्तीच्या दारांत. बिबट्याला याहून निराळें अरण्य तें काय हवें? त्याचीं पिल्लें उंसांतच जन्मतात आणि उंसांतच वाढतात. शेजारच्या अकोलें तालुक्यांत विद्या अत्रेया आणि त्यांचे सहकारी यांनीं केलेल्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, बिबट्यांच्या आहारांत वजनाच्या हिशेबानें 39 टक्के वांटा कुत्र्यांचा आहे. आपण राखणीसाठीं कुत्रें पाळतों आणि बिबट्या त्या कुत्र्यासाठीं येतो, असा हा उलटा व्यवहार आहे.

खुद्द आमच्या जुन्नर वनविभागाचा अनुभव तर दूरदूरच्या अभ्यासकांनीं लक्षांत घेतला. 2001 च्या फेब्रुवारीपासून येथें बिबटे पिंजऱ्यांत धरून लांबच्या जंगलांत नेऊन सोडण्याचें काम मोठ्या प्रमाणावर झालें. हेतु चांगलाच होता. परंतु त्यापूर्वीं माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत असत, ते त्यानंतर वर्षाला सरासरी सतरा झाले, असें याच अभ्यासकांनीं 2011 सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत दाखविलें आहे. सरासरी सुमारें 40 किलोमीटरांवर नेलेलें जनावर अनोळखी मुलुखांत जाऊन पडतें. तेथील वाटा, आडोसे आणि माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा त्याला ठाऊक नसतात. आपल्या शिवारांतला बिबट्या आपल्याला ओळखून असतो, ही गोष्ट मला प्रथम विचित्र वाटली. आतां वाटत नाहीं.

एके दिवशीं मीं हा सारा अभ्यास सूनबाईपुढें मांडला. तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि मग म्हणाली, “मामा, बिबट्या कसा असतो हें मला पुस्तकांतून कळायला नको. मी रोज वांकूनच काम करतें. गवत कापतांना, कांदा खुरपतांना मी त्याला चार पायांचीच दिसत असेन. रात्रीं वीज येते तेव्हां पाणी द्यायला तुमचा मुलगा बॅटरी घेऊन एकटा जातो. तुमचं तें फिरणं आहे, आमचं तें रोजचं जाणं आहे.”

श्रोतेहो, ज्या गांवचा नकाशा मी फळ्यावर डोळे मिटून काढीत असें, त्या गांवांत फिरावयाची वाट आणि कामावर जावयाची वाट एकच आहे, हें मला कधीं सुचलें नव्हतें. मी सहलीचा विचार करीत होतों आणि ती रोजच्या जाण्यायेण्याचा. थोड्या वेळानें तीच म्हणाली, “न्यायचंच असेल तर मी येईन, आणि मी सांगेन तसं न्यायचं.”

तिचें सांगणें असें होतें. ऊन चांगलें वर आल्यावांचून घर सोडावयाचें नाहीं, आणि पांचाच्या आंत घरीं. एका घरानें जावयाचें नाहीं. तीनचार घरांनीं मिळून जावयाचें. लहान मुलें मधें; सर्वांत शेवटीं मोठें माणूस, आणि त्याच्या हातांत काठी. मुलानें एकट्यानें आडोशाला जावयाचें नाहीं, बसावयाचें नाहीं, वांकून कांहीं वेंचावयाचें नाहीं. वेंचावयाचें असेल तर मोठ्या माणसानें शेजारीं उभें राहावयाचें. उभ्या माणसावर बिबट्या सहसा येत नाहीं; वांकलेलें किंवा बसलेलें मूल त्याला शेळीएवढें दिसतें. घरचें कुत्रें बरोबर न्यावयाचें नाहीं. ऊंसतोड चालूं असेल तेथें पाहावयास थांबावयाचें नाहीं, कारण तोडीच्या वेळीं पिल्लें सांपडतात आणि त्यांची आई जवळच असते. चुकून दिसलाच तर पळावयाचें नाहीं, घेरावयाचें नाहीं, फोटो काढावयाचा नाहीं. मुलांना जवळ ओढून, ताठ उभें राहून, हळूहळू मागें सरावयाचें. आणि चालतांना बोलत राहावयाचें, गाणीं म्हणावयाचीं. कोणाजवळ खिशांत मावणारा रेडिओ असेल तर तो मोठ्यानें लावावा. आपणांपैकीं कोणी हें भाषण उंसाच्या कडेनें चालतांना ऐकत असेल, तर या म्हाताऱ्याच्या आवाजाचा तेवढा तरी उपयोग झाला असें मी समजेन.

पहिल्या रविवारीं आम्ही अकरा जण निघालों आणि बोरीस गेलों. आळ्याच्या दक्षिणेस कुकडीच्या कांठीं बोरी बुद्रुक आहे. गांवापर्यंत वाहनानें आणि पुढें नदीच्या कडेनें पायीं. तेथें नदीनें कापलेल्या दरडींत मातीच्या थरांमध्यें फिकट, राखाडी पांढरा असा एक थर दिसतो. बोटांत धरला तर पिठासारखा. ती ज्वालामुखीची राख आहे. ज्या काळ्या खडकावर आपला महाराष्ट्र बसला आहे तोहि ज्वालामुखीचाच. परंतु तो साडेसहा कोटि वर्षांपूर्वींचा. ही राख त्याच्या मानानें कालची, आणि ती येथली नव्हे. सुमात्रा बेटावरील टोबा नांवाच्या ज्वालामुखीशीं तिचें नातें जोडलें जातें. बोरीपासून तो सरळ रेषेंत तीन हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील संशोधकांनीं 1980 नंतरच्या दशकांत या राखेचा आणि तिच्या जवळ सांपडलेल्या अश्मयुगीन दगडी हत्यारांचा अभ्यास पुढें आणला, आणि मोठा वाद सुरू झाला. टोबाचा शेवटचा महास्फोट सुमारें 74,000 वर्षांपूर्वींचा. राख त्या स्फोटाची, असें एक मत. राख त्याहून पुष्कळ जुनी, टोबाच्याच सुमारें आठ लाख वर्षांपूर्वींच्या स्फोटाची किंवा त्याच्याहि आधींची, असें दुसऱ्यांचें म्हणणें. वादाला महत्त्व अशासाठीं कीं, राखेचें वय ठरलें म्हणजे तिच्या सोबतीच्या हत्यारांचें, आणि म्हणून कुकडीकांठच्या माणसाचें वय ठरण्यास आधार मिळतो. हें सर्व मीं मुलांना बेतानें सांगितलें. माझी नात बराच वेळ त्या थराकडे पाहत उभी होती. शेवटीं म्हणाली, “एवढी राख पडली, तर तेव्हांच्या माणसांनीं चुली कशा पेटवल्या असतील?” छत्तीस वर्षांच्या मास्तरकींत मला कोणीं इतका कामाचा प्रश्न विचारल्याचें आठवत नाहीं.

एका बाईंनीं मुलाच्या शाळेंत दाखविण्यासाठीं मूठभर राख पदरांत बांधून घेतली. मीं ती परत ठेवावयास लावली, आणि त्यांना तें थोडें लागलेंहि. परंतु थर पातळ आहे. प्रत्येक सहलीनें एक एक मूठ नेली तर उद्यांच्या मुलांना मोकळी दरड पाहावी लागेल.

पूर्वेकडची आमची आवडती वाट गुळुंचवाडीची. वाटेंत बेल्हें लागतें. तेथें सोमवारीं जनावरांचा मोठा बाजार भरतो. सुट्टी सोमवारीं आली तर मुलांना तो अवश्य दाखवावा. बैलाचे दांत पाहणाऱ्या माणसाचा चेहरा कोणत्याहि बागेंत पाहावयास मिळत नाहीं. पुढें आणें घाटांत मळगंगेच्या देवळाजवळ ओढ्यानें खडक पोखरून आपली वाट काढली आहे, आणि वरचा खडक पुलासारखा तसाच राहिला आहे. माणसानें त्याला चुना लावलेला नाहीं कीं दगड लावलेला नाहीं. हिंवाळ्यांत ओढ्याचें पाणी ओसरलें कीं मुलांना घेऊन खालीं उतरावें आणि कमानीखालीं उभें राहून वर पाहावें. पाणी चढलेलें असतांना हें धाडस करूं नये.

शिवनेरी, लेण्याद्रि, ओझर हीं स्थळें सर्वांना ठाऊक आहेत; तेथें गर्दी असते आणि वाट चुकण्याचें भय नसतें. म्हणून त्यांच्यावर मी वेळ घालवीत नाहीं. नारायणगांवच्या पूर्वेस खोडद येथें मात्र आपणां रेडिओच्या लोकांचें नातलग आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें उभारलेल्या रेडिओ दुर्बिणीचीं तीस ताटें या मुलुखांत पसरलेलीं आहेत. एकेकाचा व्यास 45 मीटर. तीं आकाशांतून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी ऐकतात. 28 फेब्रुवारीस राष्ट्रीय विज्ञानदिनीं तेथें प्रदर्शन भरतें आणि आसपासच्या शाळांतील मुलें लोटतात. “आपण बोललों तर त्यांना त्रास होतो का?” असें नातीनें विचारलें. बोलण्याचा होत नाहीं; पण खिशांतल्या फोनचा होतो, असें तेथील एका गृहस्थांनीं सांगितल्यावर तिनें माझ्याकडे अर्थपूर्ण दृष्टीनें पाहिलें.

पश्चिमेकडे जावयाचें तर ऋतु पाहून जावें. आंबेगांव तालुक्याच्या पश्चिम टोकास आहुपें येथें देवराई आहे, आणि त्या डोंगरांतच 1985 सालीं घोषित झालेलें भीमाशंकरचें अभयारण्य. तेथें शेकरू झाडाच्या शेंड्यावर काटक्यांचीं घरटीं बांधतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनीं 1976 सालीं पश्चिम घाटांतील देवरायांवर लेख प्रसिद्ध केला, तेव्हां शास्त्रज्ञांचें लक्ष या रायांकडे वेधलें गेलें; गांवकऱ्यांचें तर होतेंच. मुलांना देवराईंत नेलें कीं तीं आपोआप हळू बोलूं लागतात. परंतु आषाढ-श्रावणांत मी मुलांना घेऊन त्या बाजूस जात नाहीं. 30 जुलै 2014 रोजीं सकाळीं माळीण गांवावर डोंगर कोसळून सुमारें दीडशें माणसें गाडलीं गेलीं, त्या गांवावरूनच पुढें जावें लागतें. माळशेजच्या धबधब्याखालीं उभें राहून फोटो काढणाऱ्यांना माझें बोलणें रुचणार नाहीं. तरी सांगून ठेवतों.

आतां पुन्हां माझ्या गांवच्या वाटांकडे येतों. नदीकडे जाणारी एक जुनी गाडीवाट मीं लहानपणीं पाहिली आहे. भरलेली बैलगाडी समोरासमोर आली तर दुसरी बाजूस होऊं शके. आज त्या वाटेनें दोन माणसांना बरोबरीनें चालतां येत नाहीं. दर वर्षीं नांगराचें एक तास वाटेंत घालावयाचें. तीस वर्षांत वाटेचा बांध होतो आणि बांधाचें कुंपण. कोणी एक दोषी नाहीं. जो तो एक तासाचा धनी. 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमानें असे अडथळे दूर करण्याचा अधिकार तहसीलदारास दिलेला आहे, आणि 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 143 प्रमाणें बांधावरून वाट मागतां येते. परंतु तक्रार होते ती उंसाचा ट्रॅक्टर अडला म्हणजे. मुलें चालूं शकत नाहींत म्हणून तक्रार केल्याचें मीं ऐकलें नाहीं. आणि बिबट्याच्या मुलुखांत वाटेची रुंदी ही चैनीची गोष्ट नव्हे. दोन्ही बाजूंस ऊंस आणि मधें हातभर वाट असली तर जनावर आणि माणूस यांची गांठ दोन पावलांवर पडते. वाट रुंद असली तर दोघांनाहि एकमेक आधीं दिसतात, आणि बहुधा दोघेंहि आपापल्या बाजूस वळतात.

मी तहसीलदारांकडे अर्ज लिहावयास बसलों होतों. सूनबाईनें तो बाजूस ठेवावयास सांगितला आणि ती त्या वाटेच्या कडेच्या शेतकरणीकडे हळदीकुंकवाच्या निमित्तानें गेली. त्या दोघींत काय बोलणें झालें तें मला ठाऊक नाहीं. त्या बाईंचीं मुलेंहि शाळेंतून त्याच वाटेनें येतात. पुढच्या लागणीला वाटेकडच्या दोन सऱ्या रिकाम्या सोडलेल्या दिसल्या. माझा अर्ज अजून कपाटांत आहे.

दिवाळींत त्या मुंबईच्या मुलाला मला नीट उत्तर देतां आलें नाहीं, त्याचें कारण आतां सांगतों. त्याच ऑक्टोबरांत शेजारच्या शिरूर तालुक्यांत पिंपरखेड परिसरांत साडेपांच वर्षांची एक मुलगी आणि पाठोपाठ एक वृद्ध स्त्री बिबट्याच्या हल्ल्यांत गेली. नोव्हेंबरच्या आरंभीं तेरा वर्षांचा एक मुलगा गेला. लोक संतापून पुणें-नाशिक रस्त्यावर उतरले. अशा दिवसांत पाहुण्यांच्या मुलाला “चल, कालव्यावर जाऊं,” असें कोण म्हणेल? आम्हीं अंगणांत क्रिकेट खेळावयास सांगितलें. तो खेळला, परंतु दोनतीन वेळां फाटकापर्यंत जाऊन उंसाकडे पाहून आला.

पुढें माघांत आमच्या बाजूचा बराच ऊंस तुटून गेला आणि शिवार मोकळें दिसूं लागलें, तेव्हां सूनबाईनेंच एका शनिवारीं रात्रीं विचारलें, “मामा, उद्यां जायचं का?” आम्ही नऊ जण होतों. पुढें मी, मधें मुलें, आणि शेवटीं ती काठी घेऊन. रुंद झालेल्या त्या वाटेवर नात माझ्या बरोबरीनें चालत होती आणि पाढे म्हणत होती. त्या संध्याकाळीं आपण पाढे कां म्हटले होते हें तिला आतां ठाऊक झालें आहे.

मुंबईच्या मुलाला मीं पत्र घातलें आहे. मे महिन्याच्या सुट्टींत ये. ऊन फार असेल, म्हणून लवकर निघूं, पण फार लवकर नाहीं. टोपी आण. आणि येतांना बंद बूट घालून ये, कारण आमच्या माळावर कुसळें फार आहेत.